एकाला श्वास द्यायला दोघे लागतात

यंदाची स्मरणिका फुप्फुसाच्या आजारांनी ग्रासलेल्या रुग्णांच्या मदतनिधीसाठी काढायची, असं ठरलं आणि समितीच्या बैठकीत एकच प्रश्न फिरून फिरून आला. "किडनी देता येते, लिव्हरचा तुकडा देता येतो, मग घरातल्याच कुणी फुप्फुस का नाही द्यायचं?" प्रश्न रास्त आहे. मंडळातले डॉक्टर ड्युटीतून मोकळे होईनात, तेव्हा उत्तर शोधून सोप्या भाषेत लिहायचं काम आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे आलं. आम्ही डॉक्टर नाही, त्यामुळे या लेखातून कुणी औषधोपचार ठरवू नयेत. पण हा विषय डॉक्टरांइतकाच घरातल्या माणसांचाही आहे, हे वाचता वाचता आमच्या लक्षात येत गेलं, म्हणून हे लिखाण.

तर उत्तर असं : जिवंत माणसाला फुप्फुस देता येतं. पण अख्खं नाही, आणि मोठ्या माणसासाठी एकट्याने नाही.

आपल्याला फुप्फुसं दोन. उजव्याचे तीन खंड, डाव्याचे दोन, कारण डावीकडे हृदयाला जागा करून द्यावी लागते. प्रत्येक खंडाला स्वतःची श्वासनलिका आणि स्वतःच्या रक्तवाहिन्या असतात, त्यामुळे शल्यविशारद एक खंड सुटा काढू शकतात. जिवंत दात्याच्या शस्त्रक्रियेत एक जण आपल्या उजव्या फुप्फुसाचा खालचा खंड देतो आणि दुसरा आपल्या डाव्याचा खालचा. रुग्णाची दोन्ही खराब फुप्फुसं काढून त्या जागी हे दोन खंड बसवतात. म्हणजे एकाच वेळी तीन टेबलांवर तीन माणसं, आणि बहुतेक वेळा तिन्ही एकाच घरातली! आई-वडील आणि मूल, किंवा नवरा, मुलगा आणि बायको. बाहेर थांबलेल्या आजी-आजोबांनी कुणाकुणाची काळजी करायची?

इथेच फुप्फुसाचा हिशेब बाकीच्या अवयवांपेक्षा वेगळा होतो. किडन्या दोन असतात आणि निरोगी माणूस एकीवर नीट जगतो. इंजिनिअरिंगच्या भाषेत बोलायचं तर निसर्गाने तिथे बॅकअप दिलेला आहे. लिव्हरची गोष्ट त्याहून छान. त्याचा मोठा तुकडा काढला तरी काही महिन्यांत दात्याच्या आणि रुग्णाच्या, दोघांच्याही शरीरात ते जवळजवळ पहिल्या आकारमानाला येतं. फुप्फुस मात्र मोठ्या माणसात असं वाढून येत नाही. दिलेला खंड गेला तो गेला. दात्याची श्वासाची क्षमता साधारण पंधरा ते वीस टक्क्यांनी कमी होते. रोजच्या चालण्या-बोलण्यात, ऑफिसच्या कामात ते जाणवत नाही म्हणतात. पण छाती उघडून केलेली शस्त्रक्रिया ती शस्त्रक्रियाच. हवेची गळती, रक्ताची गुठळी, जंतुसंसर्ग, महिनोन्‌महिने दुखणारी बरगडी यांपैकी काहीही वाट्याला येऊ शकतं. आणि हे सगळं दोन धडधाकट माणसांनी स्वतःवर ओढवून घ्यायचं.

दधीची ऋषींनी देवांच्या शस्त्रासाठी आपल्या अस्थी दिल्या, ती कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अवयवदानाच्या प्रत्येक भाषणात ती येतेच. पण आजच्या नियमांप्रमाणे दधीचींना कुठल्याही हॉस्पिटलने दाता म्हणून घेतलं नसतं! जिवंत दात्याच्या बाबतीत वैद्यकाचा पहिला नियमच असा आहे की दाता ऑपरेशननंतरही धडधाकट राहिला पाहिजे. कितीही प्रेम असो, जीव देण्याची परवानगी नाही.

फुप्फुस प्रत्यारोपण मुळातच उशिरा जमलेली गोष्ट आहे. १९५४ च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली. जगातलं ते पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण, आणि तेही जिवंत दात्याचं. फुप्फुसाचा पहिला प्रयत्न ११ जून १९६३ रोजी अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठात डॉ. जेम्स हार्डी यांनी मृत दात्याचं फुप्फुस घेऊन केला. रुग्ण अठरा दिवस जगला. पुढच्या वीस वर्षांत जगभरात चाळीसएक प्रयत्न झाले आणि जवळपास सगळे फसले. कारण सांगण्यासारखं आहे. किडनी किंवा हृदय शरीराच्या आत बंदिस्त असतं. फुप्फुस मात्र दर श्वासाला बाहेरच्या हवेशी, धुळीशी, जंतूंशी गाठ घालून देणारं. शिवाय श्वासनलिका जिथे जोडतात तिथे रक्तपुरवठा तुटपुंजा. टाके भरून येत नसत, जोड उसवायचा. सायक्लोस्पोरिन हे नवं औषध हाताशी आल्यावर १९८३ मध्ये टोरांटोत डॉ. जोएल कूपर यांच्या चमूने केलेलं एका फुप्फुसाचं प्रत्यारोपण टिकलं. तो रुग्ण सहा वर्षांहून जास्त जगला. मग हा मार्ग खुला झाला.

जिवंत दात्याचा अध्याय १९९० मध्ये सुरू झाला. स्टॅनफर्डमध्ये डॉ. व्हॉन स्टार्न्स यांनी एका आईच्या फुप्फुसाचा एक खंड तिच्या बारा वर्षांच्या मुलीला बसवला. मूल लहान, त्यामुळे एका खंडावर भागलं. १९९३ पासून लॉस एंजेलिसमध्ये त्यांनीच दोन दात्यांची, दोन खंडांची पद्धत रुळवली. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजाराने फुप्फुसं निकामी झालेली तरुण मुलं हे बहुतेक रुग्ण, आणि बहुतेक दाते त्यांचे आई-वडील. मृत दात्याच्या फुप्फुसाची वाट पाहत ही मुलं डोळ्यांदेखत जात होती, म्हणून हा आटापिटा.

पुढे जे झालं ते आम्हाला, रोज कोड लिहिणाऱ्यांना, सगळ्यात विचार करायला लावणारं वाटलं. २००५ पर्यंत अमेरिकेत फुप्फुसासाठीची यादी मुख्यतः रांगेच्या हिशेबाने चाले. जो आधी नाव नोंदवेल तो पुढे. आमच्या भाषेत साधा 'क्यू'. त्यामुळे आजार झपाट्याने वाढणारा रुग्ण मागे आणि तब्येत बरी असलेला पण दोन वर्षांपूर्वी नाव घातलेला पुढे, असं व्हायचं. मे २००५ मध्ये पद्धत बदलली. रुग्ण किती तातडीचा आहे आणि प्रत्यारोपणाने त्याला किती आयुष्य मिळेल, यावरून गुण देऊन क्रम लावायला लागले. (२०२३ च्या मार्चमध्ये त्याहून नवी गुणपद्धत आली.) शस्त्रक्रियेत काडीचाही बदल झालेला नव्हता, बदललं होतं फक्त यादीचं गणित. आणि तेवढ्यावर अमेरिकेतलं जिवंत दात्याचं फुप्फुसदान जवळजवळ थांबलं! अगदी अत्यवस्थ रुग्णांना वेळेत मृत दात्याचं फुप्फुस मिळू लागलं, मग आई-बापांना ऑपरेशन टेबलावर झोपवायची गरज कमी झाली. सर्जनच्या सुरीइतकीच यादी लावणाऱ्या माणसाची अक्कलही जीव वाचवते, हे आमच्या व्यवसायातल्या मंडळींनी जरूर लक्षात घ्यावं.

जपानात नेमकं उलट घडलं. तिथे मेंदूमृत दात्यांविषयीचा कायदा १९९७ मध्ये आला आणि तो फार कडक होता : माणसाने जिवंतपणी लिहून ठेवलेलं हवं, शिवाय घरच्यांचीही संमती हवी. दाते मिळेनात. मग १९९८ मध्ये ओकायामा विद्यापीठात डॉ. हिरोशी दाते (हो, आपल्या मराठी दात्यांसारखंच आडनाव!) यांनी एका तरुणीला तिच्या आईचा आणि बहिणीचा एकेक खंड बसवला. पुढे ते क्योटो विद्यापीठात गेले आणि जिवंत दात्याच्या फुप्फुसदानाचं जगातलं मुख्य केंद्र जपान झालं. २०१० मध्ये कायदा सैल केला गेला, घरच्यांच्या संमतीवर दान शक्य झालं, तरी मृत दात्यांची संख्या गरजेच्या मानाने कमीच राहिली. एप्रिल २०२१ मध्ये क्योटोत याच चमूने कोविडने फुप्फुसं निकामी झालेल्या एका महिलेला तिच्या नवऱ्याचा आणि मुलाचा एकेक खंड बसवला. कोविडनंतर जिवंत दात्याकडून झालेलं हे जगातलं पहिलं फुप्फुस प्रत्यारोपण. जवळजवळ अकरा तास ऑपरेशन चाललं.

ही बातमी आपल्या वर्तमानपत्रांतही आली होती आणि तेव्हापासून अनेकांच्या मनात हा 'घरच्याच फुप्फुसा'चा विचार घर करून आहे. पण नीट पाहिलं तर दोन्ही देशांची गोष्ट एकच सांगते. मेंदूमृत दात्यांची व्यवस्था जिथे चालते तिथे जिवंत माणसांच्या छातीला हात लावावा लागत नाही. जिथे ती चालत नाही तिथे ओझं घरातल्या दोन निरोगी माणसांवर येतं. शिवाय ते दोघे मिळायला हवेत! रक्तगट जुळणारे, दमा-सिगारेट नसलेले, आणि ज्यांचे दोन खंड मिळून रुग्णाच्या छातीला पुरतील अशा अंगलटीचे. चौकोनी कुटुंबात एवढं जमणं कठीणच. भारतात आणि इथे अमिरातीत जी फुप्फुस प्रत्यारोपणं होतात ती मेंदूमृत दात्यांच्याच फुप्फुसांवर. म्हणून फुप्फुसाच्या रुग्णाला घरच्यांचं प्रेम फार थोडं देऊ शकतं. त्याचा जीव अडकलेला असतो कुणा अनोळखी घरातल्या माणसांनी, त्यांच्या सगळ्यात वाईट दिवशी, दिलेल्या होकारावर.

मेंदूमृत्यू म्हणजे काय, यावर थोडं थांबू या, कारण घराघरांत गैरसमज इथेच आहेत. अपघातात डोक्याला मार लागला किंवा मेंदूत मोठा रक्तस्राव झाला की कधी कधी मेंदू, श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठासकट, कायमचा निकामी होतो. माणूस स्वतःहून श्वास घेऊ शकत नाही. पण व्हेंटिलेटर हवा ढकलत राहतो, आणि हृदयाला स्वतःची लय असल्याने ते काही काळ धडधडत राहतं. अंग गरम लागतं, मॉनिटरवर रेघ हलत असते. नातेवाईकांना वाटतं, अजून आहे. पण तो कोमा नव्हे. कोमातला माणूस जिवंत असतो आणि कधी कधी परत येतो. मेंदूमृत माणूस वैद्यकीय आणि कायदेशीर अर्थाने गेलेला असतो. भारतातल्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांच्या मंडळाने, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या करून हे ठरवायचं असतं. त्यांत व्हेंटिलेटर थोडा वेळ बाजूला करून शरीर आपणहून श्वास घेतं का, हेही पाहतात. अवयव ज्याला बसवायचे त्याच्या प्रत्यारोपणाच्या चमूतल्या डॉक्टरचा या मंडळात समावेश नसतो. "अवयव मिळावेत म्हणून लवकर मेला म्हणतील" ही जी धास्ती असते, तिच्यावर कायद्याने घातलेलं हे कुलूप आहे.

आणि मेंदूमृत दाता मिळाला तरी फुप्फुसं मिळतीलच असं नाही. अपघातात छातीला मार बसलेला असतो, व्हेंटिलेटरवर न्यूमोनिया होतो, फुप्फुसांत पाणी साठतं. किडन्या चांगल्या असलेल्या पाच दात्यांमागे साधारण एकाचीच फुप्फुसं कामाची निघतात. ती बाहेर काढल्यावर बर्फातल्या पेटीत सहा तासांच्या आसपास टिकतात. त्या वेळात दुसऱ्या छातीत रक्त सुरू व्हायला हवं.

ही धावपळ काय असते त्याचं उदाहरण आपल्या पिंपरी-चिंचवडचंच आहे. २० नोव्हेंबर २०२३. नवी मुंबईचे शल्यविशारद डॉ. संजीव जाधव पिंपरीच्या डी. वाय. पाटील हॉस्पिटलमधल्या एका तरुण दात्याची फुप्फुसं घेऊन लोहगाव विमानतळाकडे निघाले होते. रुग्ण चेन्नईच्या अपोलो हॉस्पिटलमध्ये टेबलावर होता. हॅरिस पुलावर ॲम्ब्युलन्सचा टायर फुटला आणि गाडी कठड्यावर आदळली. डॉक्टर आणि चमूतले लोक जखमी झाले. पेटी सुखरूप होती. मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीत पेटी ठेवून, मलमपट्टी करून ते विमानाने चेन्नईला गेले आणि त्याच अंगाने शस्त्रक्रियेला उभे राहिले. सव्वीस वर्षांचा तो रुग्ण वाचला. डॉ. जाधवांच्या हिमतीला सलाम आहेच. पण या गोष्टीत एक घर बातमीत फारसं आलं नाही. ते म्हणजे दात्याचं. त्यांनी त्या दिवशी मान डोलावली नसती तर ॲम्ब्युलन्स निघालीच नसती.

आता आपल्या राहत्या देशाकडे येऊ. अमिरातीत पहिलं किडनी प्रत्यारोपण १९८५ चं. १९९३ मध्ये कायदा आला, पण मेंदूमृत्यूची व्याख्या त्यात स्पष्ट नव्हती, त्यामुळे वर्षानुवर्षं दान फक्त जिवंत नातेवाइकांकडून. ज्यांना हृदय किंवा फुप्फुस हवं ते परदेशी जात. २०१६ मध्ये नवा कायदा झाला, २०१७ मध्ये मेंदूमृत्यूचे निकष ठरले आणि दार उघडलं. क्लीव्हलँड क्लिनिक अबू धाबीत डिसेंबर २०१७ मध्ये देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण झालं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये पहिलं फुप्फुस प्रत्यारोपण. धर्माचा प्रश्न पुष्कळ जण विचारतात, तर १९८८ मध्येच जेद्दाच्या इस्लामी फिक्ह अकादमीने अटी घालून अवयवदानाला मान्यता दिलेली आहे. 'हयात' (अर्थ : जीवन) नावाचा राष्ट्रीय कार्यक्रम आता इथे चालतो. त्यात फक्त अमिराती नागरिकच नाही, तुम्ही-आम्ही, एमिरेट्स आयडी असलेले रहिवासीही, मरणोत्तर अवयवदानाची इच्छा नोंदवू शकतो. नाव मागेही घेता येतं. आपण ज्या देशात कमावतो, मुलं वाढवतो, तिथल्या अनोळखी माणसाला आपलं काही देता येण्याची ही सोय आम्हाला फार मोलाची वाटते.

जिवंत दानाचं इथलं अलीकडचं उदाहरण २०२४ चं. अबू धाबीच्या बुर्जील मेडिकल सिटीत एका चार वर्षांच्या भारतीय मुलीला तिच्या वडिलांच्या लिव्हरचा तुकडा बसवला गेला. जिथे वाढून येणारा अवयव आहे तिथे घरच्या माणसाने पुढे होणं खरंच उपयोगी पडतं.

पण घरच्या माणसाने म्हणजे कुणी? हा मुद्दा आम्ही मुद्दाम लांबवून सांगणार आहोत. भारतात २०२३ या एका वर्षात अठरा हजारांहून जास्त प्रत्यारोपणं झाली, पण मृत दाते होते अकराशेच्या आसपास. म्हणजे बहुतेक अवयव जिवंत माणसांनीच दिले. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांतल्या जिवंत दात्यांमध्ये जवळजवळ चौसष्ट टक्के स्त्रिया होत्या, आणि अवयव मिळालेल्यांमध्ये सुमारे सत्तर टक्के पुरुष. हे आकडे वाचून आम्ही बराच वेळ गप्प होतो. आई पुढे येते, बायको पुढे येते, बहीण पुढे येते. "तो कमावता आहे, मला काय होतंय" हे वाक्य आपल्या घरांत नवीन नाही. यात माया आहे हे कोण नाकारेल! पण मायेच्या आडून लाज आणि दबावही काम करत असतो. म्हणूनच भारताच्या २०१४ च्या नियमांत असं लिहिलेलं आहे की दाता स्त्री असेल तर जास्त खबरदारी घ्यावी, तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळावी. चांगली हॉस्पिटलं दात्याला एकटीला बसवून विचारतात. तिने नको म्हटलं तर घरच्यांना "तपासणीत दाता योग्य ठरला नाही" एवढंच सांगण्याची पद्धत आहे. आमच्या मते हा नियम प्रत्येक घराने माहीत करून घ्यावा, आणि नवऱ्यांनी आधी.

कायद्याचं बाकी थोडक्यात. भारतातला मूळ कायदा १९९४ चा, मोठी दुरुस्ती २०११ ची. पती-पत्नी, आई-वडील, मुलं, भावंडं, आणि दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडं हे 'जवळचे नातेवाईक'. त्याबाहेरचा दाता असेल तर सरकारी समितीची परवानगी लागते. दोन कुटुंबांत रक्तगट उलटसुलट जुळत असतील तर दात्यांची अदलाबदलही करता येते. अठरा वर्षांखालच्या मुलाचा अवयव जिवंतपणी घेता येत नाही. आणि पैसे देऊन अवयव घेणं किंवा विकणं हा गुन्हा आहे : पाच ते दहा वर्षं कैद, वीस लाख ते एक कोटी दंड. "गावाकडे एक एजंट आहे, करून देतो" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्यावा. केंद्र सरकारने २०२३ पासून अवयव देणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांना ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा दिली आहे. खासगी कंपन्यांनी हे उचलावं असं आम्हाला वाटतं, आणि आपल्या वाचकांत एचआरमधली मंडळी बरीच आहेत म्हणून इथे लिहून ठेवतो.

प्रत्यारोपण झालं म्हणजे सुटलो, असंही नसतं. शरीराने नवं फुप्फुस नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस वगैरे औषधं जन्मभर घ्यावी लागतात, त्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते, साधा सर्दी-खोकलाही महागात पडू शकतो. सगळ्या प्रत्यारोपणांत फुप्फुसाचं आयुष्य कमीच धरतात. जगभरच्या आकड्यांप्रमाणे निम्मे रुग्ण साडेसहा-सात वर्षांपुढे जातात, काही पंधरा-वीसही. ज्याला बाथरूमपर्यंत जाताना ऑक्सिजनची नळी ओढावी लागत होती, त्याला सात वर्षं म्हणजे किती, हे त्यालाच विचारावं. पण खर्च ऑपरेशनपाशी संपत नाही, औषधांचा महिन्याचा हप्ता चालूच राहतो. मंडळाच्या निधीतून रुग्णाला मदत देताना समितीने ऑपरेशनइतकाच या औषधांचा विचार करावा, ही आमची विनंती.

जाता जाता एक : आपल्याकडे फुप्फुसं आखडवणाऱ्या आजारांचं एक मोठं कारण ॲलर्जीतून येणारा फुप्फुसदाह आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या मोठ्या पाहणीत असे जवळजवळ निम्मे रुग्ण या गटातले निघाले, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या घरी कूलर होता. कबुतरांची विष्ठा-पिसं हे दुसरं कारण. तेव्हा बाल्कनीत कबुतरांना दाणे घालणाऱ्या समस्त काका-काकूंनो, कृपा करा! सुका खोकला आणि जिना चढताना लागणारी धाप महिनाभर राहिली तर "इथली धूळच तशी" म्हणून सोडून देऊ नका.

आता आपण परदेशस्थांनी काय करून ठेवायचं ते. आपल्यापैकी कुणाला इथे काही झालं तर दवाखान्यात जोडीदार किंवा मित्र असतो, आणि आई-वडील, भाऊ पुण्याला, सांगलीला, पणजीला फोनवर. रात्री दोनला फोनवरून "अवयव द्यायचे का?" हा प्रश्न कानावर पडला तर कुठली आई हो म्हणेल? तिने तो शब्द आधी कधी ऐकलेलाच नसेल तर नाहीच म्हणणार, आणि त्यात तिचा दोष काय. कार्ड भरलेलं असलं तरी प्रत्यक्षात घरच्यांना विचारल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. म्हणून या सुट्टीत गावी गेलात की जेवणं झाल्यावर, सगळे बसलेले असताना, विषय काढा. "मला काही झालं तर माझे अवयव द्या" एवढं वाक्य पुरे. आई म्हणेल, भलतंसलतं बोलू नकोस. तरी बोला. दानानंतर देह नीट शिवून परत देतात, अंत्यसंस्कार आपल्या पद्धतीने होतात, हेही सांगा. देहदान म्हणजे मेडिकल कॉलेजला दिलेला देह, ती निराळी गोष्ट. नेत्रदान घरी मृत्यू आला तरी सहा तासांच्या आत होऊ शकतं. फुप्फुस, हृदय, लिव्हर यांसाठी मात्र मृत्यू हॉस्पिटलात, व्हेंटिलेटरवर असताना आलेला असावा लागतो. त्यामुळे अशी संधी फार थोड्यांच्या वाट्याला येते, आणि जिथे येते तिथे ती हुकता कामा नये.

भारतातली नोंद 'नोट्टो' या राष्ट्रीय संस्थेकडे आधार क्रमांकावर ऑनलाइन होते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समन्वय केंद्रांकडून अवयववाटप चालतं. आपलं वास्तव्य दोन्हीकडे, तेव्हा नोंद दोन्हीकडे करावी असं आम्ही सुचवतो. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत प्रत्यारोपण धरलेलं आहे का, आणि दात्याचा खर्च धरलेला आहे का, ही दोन कलमं आजच शोधून वाचा. दुसरं कलम बहुतेकांनी कधी पाहिलेलंच नसतं.

आणि पैशांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. इथल्या २०२१ च्या देणगीविषयक फेडरल कायद्याप्रमाणे कुणाही व्यक्तीला परस्पर वर्गणी गोळा करता येत नाही. ते काम परवानाधारक संस्थांचं. व्हॉट्सॲपवर एखाद्या आजारी मुलाचा फोटो आणि खाते क्रमांक फिरत आला की आपलं मन द्रवतं, बोट 'फॉरवर्ड'कडे जातं. ते बोट आवरा. मदत करायची असेल तर अधिकृत मार्गानेच करा, आणि ओळखीतला रुग्ण असेल तर त्याचे कागद समितीकडे आणून द्या. योग्य संस्थेपर्यंत ते पोचवायचं काम समिती करेल.

कार्यक्रमाच्या दिवशी प्रवेशद्वाराजवळ, चहाच्या टेबलाच्या डावीकडे, आमच्यापैकी तिघे जण लॅपटॉप घेऊन बसणार आहोत. 'हयात'ची आणि भारतातली, दोन्ही नोंदणी तिथे समजावून देऊ. एमिरेट्स आयडी आणि आधार क्रमांक सोबत ठेवा, मोबाईल चार्ज करून आणा. जोडीदाराला घेऊन आलात तर उत्तम, कारण फॉर्म भरायला पाच मिनिटं लागतात आणि "तुला काय वाटतं?" हे विचारायला जरा जास्त.